मंडळीला पैसे देताना: पाकिटापासून पावतीपर्यंत

मार्चचा दुसरा रविवार उजाडला की उपासना संपल्यावर खजिनदाराच्या टेबलाभोवती गर्दी होते. "वर्षभराची पावती हवी होती." कशाची? "दर रविवारी थैलीत टाकतोच की." दुसरे म्हणतात, "पाळकसाहेबांच्या नंबरवर जीपे केलं होतं, ते यात धरा ना." तिसरे म्हणतात, "चर्चला दिलं की टॅक्स वाचतो म्हणे, तो कागद द्या." पुण्यातल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी नऊ वर्षं हे टेबल सांभाळलं. देणाऱ्यांचं मन साफ असायचं, क्रम चुकलेला असायचा. आधी पैसे जायचे, मग कुणाला गेले ते कळायचं, मग कशासाठी ते ठरायचं आणि पावती शेवटी आठवायची. हा क्रम उलटा करायचा आहे.

तुम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असा, मेथडिस्ट असा, कॅथलिक असा, की चिंचवडला भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एखाद्या स्वतंत्र मंडळीचे, पायऱ्या त्याच आहेत. नावं तेवढी बदलतात: कुठे पाळक, कुठे फादर, कुठे पास्टोरेट कमिटी, कुठे पॅरिश कौन्सिल.

## टप्पा १: आकडा घरी ठरवा, देवळात (चर्चमध्ये) नाही

थैली समोर आल्यावर पाकिटात हात घालून जी नोट लागेल ती टाकणं हे अर्पण आहेच, पण त्यातून वर्षाचा हिशेब उभा राहत नाही. पगार झाला की त्याच दिवशी रक्कम बाजूला काढा.

दशमांश देणार असाल तर तो कशावर काढायचा हे एकदाच ठरवा. हातात येणाऱ्या पगारावर की कापाकापीच्या आधीच्या? यावर घरोघरी वाद होतात आणि मी त्यात पडत नाही. एवढंच सांगतो, की पीएफची रक्कम आज धरली नाही तर ती हातात येईल तेव्हा धरावी लागेल, आणि आज धरली असेल तर तेव्हा पुन्हा धरायची गरज नाही. दुकान किंवा रिक्षा असेल तर गल्ल्यावर दशमांश काढू नका, खर्च वजा जाऊन उरतं त्यावर काढा. रोजचा गल्ला बघून दशमांश देणारे आणि महिनाअखेर उधारीवर किराणा आणणारे लोक मी पाहिलेत.

नवरा-बायको दोघं कमावत असतील तर पाकीट एक की दोन तेही आत्ताच ठरवा. पावती ज्याच्या नावावर हवी, पैसे त्याच्याच खात्यातून जायला हवेत.

मग वाटणी करा. समजा महिन्याचे ४,००० रुपये ठरले. त्यातले ३,००० मंडळीच्या सर्वसाधारण फंडात, ५०० गरीब फंडात आणि ५०० हाताशी, कारण कापणीचा सण, ख्रिस्तजयंती, शेजारच्या मंडळीची बांधकामाची थैली हे सगळं येणारच असतं. हाताशी काही ठेवलं नाही की लोक सर्वसाधारण फंडाचे पैसे कापून तिकडे देतात. मग पाळकांचा पगार आणि देवळाचं वीजबिल कशातून भरायचं हा प्रश्न कमिटीपुढे येतो.

सावधान: कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर दान देऊ नका. कुणी व्यासपीठावरून ठरावीक रकमेचं "बियाणं पेरा" म्हणत असेल आणि त्याच रात्री पैसे पाठवायची घाई करत असेल, तर सोमवारपर्यंत थांबा.

## टप्पा २: पैसे नेमके कुणाच्या नावावर जातात ते शोधा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा वेळ काढा.

देवळावरच्या पाटीवरचं नाव आणि बँक खात्याचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं. पाटी असते त्या देवळाच्या नावाची. खातं असतं पास्टोरेट कमिटीच्या, धर्मप्रांताच्या किंवा एखाद्या न्यासाच्या नावाने. देवळाची जागा तिसऱ्याच न्यासाकडे असू शकते. यात काही काळंबेरं नाही. जुन्या मिशनच्या मालमत्ता वेगवेगळ्या न्यासांकडे गेल्या, त्यातून हे झालंय. पण पाटीवरचं नाव बघून चेक लिहिलात तर तो परत येतो.

खजिनदाराकडे चार गोष्टी मागा:

१. बँक खात्याचं पूर्ण नाव, छापील, जसंच्या तसं.
२. सार्वजनिक न्यास नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रात धार्मिक आणि धर्मादाय न्यासांची नोंद १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. एक अक्षर, एक आकडा आणि कंसात पुणे किंवा मुंबई, अशा थाटाचा हा क्रमांक असतो. कंसात मुंबई दिसलं तर घाबरू नका. धर्मप्रांताचा किंवा मिशनचा मूळ न्यास तिकडे नोंदलेला असू शकतो.
३. न्यासाचा पॅन.
४. आयकराकडची नोंदणी: फक्त १२ए/१२एबी आहे, की ८०जीसुद्धा? या दोन्हींतला फरक टप्पा ६ मध्ये आहे. लोक तिथेच फसतात.

हे विचारायला संकोच वाटतो, मला कळतं. खजिनदार काकांनी तुम्हाला संडे स्कूलमध्ये शिकवलेलं असतं. तरीही विचारा. चांगल्या खजिनदाराकडे या चार ओळी छापून तयार असतात. नसतील तर तुमच्यामुळे होतील.

रक्कम मोठी असेल, म्हणजे तुमच्या दोन-तीन पगारांएवढी, तर आणखी एक पाऊल पुढे जा. शेड्यूल वनचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली न्यासाची नोंद, बघायला मागा. त्यात विश्वस्तांची नावं असतात. जुने विश्वस्त वारलेले आणि नव्यांचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) मंजूर नाही, अशी अवस्था असली तर सही कुणाची चालते यावरच भांडण लागू शकतं, आणि तुमचे पैसे खात्यात पडून राहतात. पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात न्यासाच्या नोंदीची प्रत मागता येते.

स्वतंत्र मंडळ्यांना मुद्दाम सांगतो. नोंदणी झालेली नसेल आणि सगळा व्यवहार पाळकांच्या बचत खात्यातून होत असेल, तर तुम्ही देता ते कायद्याच्या नजरेत मंडळीला दिलेलं दान नसतं, त्या माणसाला दिलेली भेट असते. पाळक प्रामाणिक असला तरी उद्या त्याला काही झालं तर ते पैसे त्याच्या वारसांचे होतात. अशा मंडळीला आधी नोंदणी करायला मदत करा. तोवर रोजचा खर्च थेट भागवा: हॉलचं भाडं मालकाला द्या, माइकचं बिल दुकानदाराला द्या.

तपासा: खात्याचं नाव, न्यासाचं नाव आणि पॅनवरचं नाव, तिन्ही जुळतात का? जुळत नसतील तर का, याचं उत्तर एका वाक्यात मिळतं का?

## टप्पा ३: कशासाठी, ते लिहा

"देवाच्या कामासाठी" हे कारण हिशेबाच्या वहीत लिहिता येत नाही. तुम्ही काही न लिहिता दिलेलं सगळं सर्वसाधारण फंडात जातं आणि तसंच जायला हवं. माझ्या मते बहुतेक पैसे असेच द्यावेत. पगार, पाणीपट्टी, छताची गळती यांच्या नावाने कुणी देणगी देत नाही. कोनशिलेवर नाव येईल अशा कामाला पैसे मिळतात, संडासाच्या दुरुस्तीला मिळत नाहीत.

ठरावीक कामासाठी द्यायचं असेल तर पैशाबरोबर कागद द्या. चार ओळी पुरतात:

"सोबत १०,००० रुपये देत आहे. ही रक्कम संडे स्कूलच्या पुस्तकांसाठी वापरावी. ते काम पूर्ण होऊन रक्कम उरल्यास किंवा काम रद्द झाल्यास कमिटीने ती मुलांच्या इतर कामासाठी वापरावी."

यातली शेवटची ओळ बहुतेक लोक गाळतात, आणि नेमकी तीच सगळ्यात कामाची. काम झालं नाही तर काय करायचं हे लिहिलेलं नसलं की पैसे वर्षानुवर्षं वेगळ्या रकान्यात अडकतात. आमच्याकडे ऑर्गनच्या दुरुस्तीसाठी कुणीतरी दिलेली रक्कम अशीच पडून होती. देणारे वारले होते, ऑर्गनही राहिला नव्हता, आणि हात लावायची कुणाची हिंमत नव्हती.

कॅथलिक वाचकांसाठी: विशिष्ट हेतूने दिलेलं अर्पण त्याच हेतूसाठी वापरायचं असा चर्चच्या कायद्यातच नियम आहे (कॅनन १२६७). प्रत्येक पॅरिशला फायनान्स कौन्सिल असावी लागते (कॅनन ५३७), त्यामुळे कुणाला विचारायचं हेही ठरलेलं आहे.

काही गोष्टी एकमेकांत मिसळू नका.

मिस्साचं (कॅथलिक उपासनेचं) अर्पण. आईच्या वर्षदिनाला मिस्सा मागता तेव्हा देता ती रक्कम निराळी. ती पॅरिशच्या सर्वसाधारण देणगीत मोजू नका. ऑफिसात जाऊन नाव, तारीख आणि हेतू नोंदवा, पाकीट फादरांच्या हातात कोंबू नका. आणि ऐपत नसेल तर मागायला लाजू नका; अर्पण न घेताही गरिबांच्या हेतूसाठी मिस्सा करावी असं धर्मगुरूंना त्याच कायद्यात सांगितलेलं आहे.

पाळकांना दिलेली भेट. घरभरणीच्या प्रार्थनेला, बारशाला, लग्नाला पाळकसाहेबांच्या हाती पाकीट देतो, ती त्यांची वैयक्तिक भेट. मंडळीचं अर्पण द्यायचं असेल तर दुसरं पाकीट करा आणि वर तसं लिहा. एकाच पाकिटात "अर्धं तुम्हाला, अर्धं देवळाला" असं करून त्या बिचाऱ्याला अडचणीत टाकू नका.

कापणीच्या सणाचा लिलाव. भोपळा दोन हजारांना घेतलात, छान. ते पैसे त्याच दिवशी भरा. उत्साहात बोललेली बोली आणि जमा झालेली रक्कम यांत दरवर्षी फरक पडतो. तो वसूल करायला खजिनदार नाताळपर्यंत फोन करत बसतो, हे मी अनुभवाने सांगतो.

सभासद वर्गणी. ही देणगी नव्हे. काही मंडळ्यांत मतदार यादीत नाव राहण्यासाठी ती भरलेली असावी लागते. निवडणुकीच्या आदल्या रविवारी तीन वर्षांची थकबाकी एकदम भरायला येणाऱ्यांची रांग प्रेक्षणीय असते. जानेवारीत भरून टाका.

## टप्पा ४: मार्ग निवडा

थैली आणि पाकीट. सुटी नोट थैलीत टाकली की ती निनावी झाली. तिची पावती मागू नका, खजिनदार देऊ शकत नाही आणि त्याने देऊही नये. पावती हवी असेल तर मंडळीचं दशमांशाचं पाकीट घ्या, त्यावर नाव किंवा सभासद क्रमांक, रक्कम, महिना आणि फंड लिहा. रक्कम लिहिणं महत्त्वाचं. मोजणी दोघांनी मिळून करायची असते, आणि पाकिटावर १,००० असताना आत ९०० निघाले तर ते तिथल्या तिथे दोघांच्या सहीने नोंदवता येतं. पाकीट कोरं असलं तर शंका मोजणाऱ्यावर येते.

नोटा चुरगाळून, चौकोनी घड्या घालून टाकू नका. फाटकी नोट खपवायची जागा म्हणून थैलीकडे बघू नका. दोन हजाराची नोट सापडली तर तीही नको: ती अजून वैध चलन असली तरी बदलायची सोय आता रिझर्व्ह बँकेच्या निवडक कार्यालयांतच आहे, आणि पुण्यातून त्यासाठी बेलापूर किंवा मुंबई गाठावी लागते, नाहीतर टपालाने पाठवावी लागते. खजिनदाराला एवढं काम लावू नका.

यूपीआय. भिंतीवरचा क्यूआर स्कॅन केलात की पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा. ते टप्पा २ मधल्या खात्याच्या नावाशी जुळलं पाहिजे. क्यूआरवर दुसरा स्टिकर चिकटवून पैसे पळवायचा प्रकार दुकानांत होतो, देवळाच्या दारातही होऊ शकतो. 'नोट'च्या रकान्यात नाव आणि फंड लिहा, पण तेवढ्यावर विसंबू नका. बँकेच्या पासबुकात ती नोट पूर्ण उमटेलच असं नाही. खजिनदाराच्या व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आणि एक ओळ टाका: "जून, दशमांश २,०००, मिशन फंड ५००."

दरमहा आपोआप. माझ्या मते पगारदारांसाठी हाच सगळ्यात सोपा मार्ग. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या, पगारानंतर दोन दिवसांची तारीख घ्या. पहिल्या महिन्यात १० रुपये पाठवून बघा, पोचले का विचारा, मग खरी रक्कम लावा. पगार वाढला की आकडा बदलायचा हे मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा. सात वर्षं तीच रक्कम जात राहिलेली घरं मला माहीत आहेत. मुलांना थैलीत टाकायला रविवारी दहा-वीस रुपये द्या, नाहीतर घरातून काही दिलं जातं हे त्यांना दिसतच नाही.

चेक. खात्याचं नाव पूर्ण, वर दोन रेघा, 'अकाउंट पेयी'. मागे तुमचं नाव, फोन आणि फंड. चेक तीन महिनेच चालतो. थैलीत टाकायचा असेल तर पाकिटात घालून टाका.

वस्तू. पंखा, खुर्च्या, वेदीवरचं कापड, स्पीकर. आधी विचारा, मग घ्या. आपल्याकडे आजोबांच्या स्मरणार्थ दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळांची संख्या देवळाच्या खिडक्यांहून जास्त आहे. घेतलीत तर बिल न्यासाच्या नावाने करा, म्हणजे वॉरंटी आणि मालमत्तेची नोंद दोन्ही नीट होतात. वस्तूरूप दानावर आयकराची वजावट मिळत नाही.

सावधान: एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. दंड घेणाऱ्याला, आणि रकमेइतकाच. तुमच्या मोठेपणाचा भुर्दंड मंडळीला बसेल.

## टप्पा ५: पावती तिथेच वाचा

"डाव्या हाताला कळू नये असं दान करावं, मग पावती कशाला?" असं मला कित्येकदा ऐकवलं गेलंय. पावती तुमच्या कौतुकासाठी नसते, पैसे खात्यात पोचले की नाही हे पडताळण्यासाठी असते. स्थळप्रतीमुळे ऑडिटर ताळा घालू शकतो. नाव जाहीर नको असेल तर तसं सांगा: पावतीवर नाव राहील, सूचनाफलकावर येणार नाही.

पावती घडी करून खिशात घालण्याआधी एवढं बघा: छापील अनुक्रमांक आहे का, न्यासाचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत जुळते का, रोख की चेक की यूपीआय ते लिहिलंय का, फंडाचं नाव आहे का, तारीख पैसे दिल्याची आहे का. तुमचं नाव पॅन कार्डावर आहे तसं लिहून घ्या. मंडळीत सगळे "बाळूमामा" म्हणतात म्हणून पावतीही बाळूमामाच्या नावाने निघाली, असं झालेलं आहे.

यूपीआय किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शनवाल्यांनी दर महिन्याला पावतीसाठी खजिनदाराला पिडू नये. तीन महिन्यांनी एकदा पुरे.

## टप्पा ६: कराचं गणित, आणि त्याबद्दलचा गैरसमज

चर्चला दिलं की ८०जीची वजावट मिळते, हे बहुतांशी चूक आहे. १२ए किंवा १२एबी ही नोंदणी न्यासाच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी मिळावी म्हणून असते. तिचा तुमच्या कराशी संबंध नाही. तुम्हाला वजावट मिळते ती न्यासाला ८०जीची मान्यता असेल तरच, आणि एका विशिष्ट धर्मसमाजाच्या हितासाठी असलेल्या न्यासाला ती सहसा मिळत नाही. मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च सगळ्यांना नियम तोच. ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची म्हणून सरकारने अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीला वजावट आहे. पण देऊळ जुनं आहे म्हणून ते अधिसूचित असतं असं नाही, कॅम्पातलं असो की पेठेतलं.

धर्मप्रांताची समाजसेवेची संस्था, दवाखाना किंवा वसतिगृह चालवणारा वेगळा न्यास यांच्याकडे ८०जी असू शकते. तिथे देणार असाल तर:

१. मान्यतेचा क्रमांक आणि मुदत बघा. ती कायमची नसते. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येते.
२. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त देऊ नका. त्यावरच्या रोख देणगीला वजावट शून्य.
३. पॅन द्या. संस्था वर्षभराच्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरते आणि तुम्हाला प्रमाणपत्र देते (आजवर त्याला फॉर्म १०बीई म्हणत आलो). नुसत्या पावतीवर भागत नाही.
४. नवी करप्रणाली निवडली असेल तर थांबा. तिथे ही वजावटच नाही.

आकडा बघा. जुन्या प्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने १०,००० दिले, तर अशा संस्थांच्या बाबतीत सर्वसाधारणपणे निम्म्याची, म्हणजे ५,००० ची वजावट, आणि त्यालाही उत्पन्नाच्या प्रमाणात वरची मर्यादा. कर वाचला १,०००, उपकर धरून १,०४०. एवढ्यासाठी मंडळीचा दशमांश तिकडे वळवू नका. आणि "त्या संस्थेच्या नावाने पावती फाडा, पैसे आपण देवळाच्या रंगकामाला वापरू" असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्यात दोन्ही न्यास अडकतात.

१ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक निराळे आहेत. लोकांच्या तोंडी ८०जीच राहील, पण विवरणपत्र भरताना सीएला नवा क्रमांक विचारा.

निनावी दानाबद्दल: निव्वळ धार्मिक न्यासाच्या थैलीतल्या निनावी पैशांवर निनावी देणग्यांवरचा ३० टक्क्यांचा कर लागत नाही. न्यास शाळा किंवा दवाखानाही चालवत असेल आणि निनावी रक्कम त्या कामासाठी दिली असेल तर लागू शकतो. गुप्तदान करायचंय? थैलीत, आणि सर्वसाधारण फंडात.

## टप्पा ७: परदेशातल्या मुलाकडून येणारे पैसे

इथे राहण्याचं ठिकाण बघू नका, पासपोर्ट बघा. दुबईत नोकरी करणारा मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकेत नागरिकत्व घेतलेल्या मुलीची ठरते. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, रुपयांत दिली तरी, सुट्टीवर पुण्यात येऊन दिली तरी.

परदेशी देणगी घ्यायला न्यासाकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. भिंतीवरचा क्यूआर त्यासाठी नाही. मंडळीकडे नोंदणी नसेल तर मुलीला सांगा, इथे पाठवू नकोस.

सावधान: "ती आईच्या खात्यात टाकेल, आई चर्चला देईल" ही युक्ती प्रत्येक घराला सुचते. आईला खर्चाला पैसे पाठवणं वेगळं. चर्चसाठी म्हणून आईमार्फत फिरवणं म्हणजे पळवाट, आणि ती निस्तरावी लागते मंडळीला.

## टप्पा ८: जागा, फ्लॅट, मृत्युपत्र

इथे लेख वाचून काम करू नका, वकील गाठा. त्यांच्याकडे जाण्याआधी एवढं माहीत असू द्या.

हयातीत जागा द्यायची तर नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं. कमिटीच्या ठरावाने किंवा स्टॅम्पपेपरवरच्या चिठ्ठीने मालकी जात नाही. गावाकडची शेतजमीन असेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय बक्षीसही देता येत नाही. आणि एकदा न्यासाची झालेली जागा विकायला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. तेव्हा "विकून पैसे वापरा" असा हेतू असेल तर जागा देण्याऐवजी ती स्वतः विकून रक्कम देणं सोपं पडतं.

बँकेच्या ठेवीला चर्च नॉमिनी लावतो म्हणतात. लागत नाही, नॉमिनी व्यक्तीच असावी लागते. त्यासाठी मृत्युपत्रच हवं. ख्रिस्ती माणसाला धार्मिक कामासाठी मृत्युपत्राने देताना मृत्यूआधी बारा महिन्यांची वगैरे अट होती (भारतीय उत्तराधिकार कायदा, कलम ११८). ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. जुने लोक अजून तीच सांगत बसतात. याउलट जी अट आजही आहे ती फारशा कुणाला ठाऊक नाही: लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. उतारवयात दुसरं लग्न केलेल्यांनी नवं करा.

मृत्युपत्रात न्यासाचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. "आमच्या देवळाला" असं लिहू नका. दोन साक्षीदार लागतात; त्यात पाळक किंवा कमिटीवाले घेऊ नका, उद्या नातेवाइकांना दबावाचा आरोप करायला निमित्त मिळतं. मुलांना हयातीतच सांगा. अंत्यविधीनंतर आठ दिवसांनी मृत्युपत्र उघडल्यावर जे होतं ते मी एकदा पाहिलंय, पुन्हा बघायचं नाही.

## टप्पा ९: वर्षाचा ताळा, आणि चुकलेलं निस्तरणं

फेब्रुवारीत बसा, मार्चअखेर नको. बँकेचं स्टेटमेंट एका बाजूला, पावत्या दुसऱ्या बाजूला. जे पैसे गेले पण पावती नाही त्यांची यादी तारीख आणि व्यवहार क्रमांकासकट खजिनदाराला द्या. तोंडी सांगू नका. उपासनेनंतर चहाच्या कपासोबत सांगितलेल्या आकड्यांपैकी निम्मे पौड रोडच्या सिग्नलपर्यंत विसरले जातात.

वार्षिक सभेत ऑडिट झालेला हिशेब वाचला जातो, तेव्हा ज्या फंडाला दिलंत त्याची शिल्लक विचारा. आधी एकदा खासगीत विचारलेलं चांगलं. न्यासाला हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे प्रश्न आगाऊपणाचा ठरत नाही.

पैसे पाळकांच्या वैयक्तिक नंबरवर गेले असतील तर त्यांना "तुम्हीच मंडळीच्या खात्यात भरा" असं सांगू नका. तसं केलं तर बँकेच्या नोंदीत देणारे ते होतात आणि पावती तुमच्या नावाने निघत नाही. तुमच्याकडे परत घ्या आणि स्वतःच्या खात्यातून पुन्हा पाठवा. अनोळखी खात्यात गेले असतील तर आधी बँकेला फोन, मग यूपीआय ॲपमध्येच तक्रार, त्याच दिवशी. फंड चुकला असेल, पैसे बरोबर खात्यात पण भलत्या नावाखाली जमा झाले असतील, तर वर्ष बंद व्हायच्या आत कमिटीला अर्ज द्या: जुन्या पावतीचा क्रमांक, तारीख, कोणत्या फंडातून कोणत्या फंडात. ३१ मार्च उलटून ऑडिटरची सही झाली, की ती नोंद हलवायला पुढच्या मीटिंगचा ठराव लागतो, आणि पुढची मीटिंग कोरमअभावी तहकूब होते.